कोल्यूरला अर्धा दिवस पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील दक्षिण फ्रान्सच्या सहलीवरचा लेख मी आवडीने वाचला. मात्र कोल्यूर या भूमध्य समुद्रकाठच्या जुन्या मच्छीमार गावाविषयी त्यात ज्या चार-पाच ओळी आहेत, त्यांच्या आधाराने कोणी सुट्टीचा बेत आखला तर त्याची निराशा होईल, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. या गावाला अर्धा दिवस पुरतो, ऑगस्ट हा तिथे जाण्याचा उत्तम महिना आहे आणि गावाला वाळूचा विस्तीर्ण किनारा लाभला आहे, अशी तीन विधाने लेखात आहेत. तिन्ही मला मान्य नाहीत.

मी स्वतः कोल्यूरला दोनदा गेले आहे. पहिल्यांदा एका सहल कंपनीबरोबर गेले होते. बस गावाबाहेर थांबली, पाऊण तास मिळाला, तेवढ्यात चर्चचा मनोरा दुरून पाहिला, एक आइस्क्रीम खाल्ले आणि परत फिरलो. काही वर्षांनी सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे स्वतःच्या हिमतीने गेलो आणि सहा रात्री राहिलो, तेव्हा कुठे हे गाव मला दिसले.

किनाऱ्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो सरळ चुकीच्या माहितीचा आहे. पिरेनीज पर्वताच्या रांगा जिथे समुद्रात उतरतात, तिथल्या एका लहानशा खाडीभोवती कोल्यूर वसले आहे. त्यामुळे गावातले किनारे अरुंद आणि बहुतांशी गोट्यांचे आहेत. पाण्यात घालायचे रबरी तळव्यांचे जोडे बरोबर नसतील तर दहा पावले चालणे कठीण जाते. ज्यांना लहान मुलांसाठी लांबरुंद वाळू हवी आहे, त्यांनी उत्तरेला अगदी शेजारीच असलेल्या आर्जेलेस-सूर-मेर इथे जावे. रेल्वेने तिथे काही मिनिटांत पोहोचता येते; फक्त तिथले स्थानक किनाऱ्यापासून थोडे दूर आहे, हे लक्षात ठेवावे.

ऑगस्टमध्ये फ्रान्समधील बहुतेक लोक स्वतःच सुट्टीवर असतात आणि अडीच-तीन हजार वस्तीच्या या गावात मुंगीला शिरायला जागा उरत नाही. १६ ऑगस्टला सेंट व्हिन्सेंटच्या उत्सवानिमित्त खाडीवर आतषबाजी होते. तो सोहळा ज्यांना पाहायचाच आहे त्यांनी अवश्य जावे, पण खोली कित्येक महिने आधी राखून ठेवावी आणि मोटार घेऊन जाऊ नये. बाकीच्यांना मी जून किंवा सप्टेंबर सुचवीन. सप्टेंबरात समुद्र अजून उबदार असतो, भोवतालच्या उतारांवर द्राक्षांची तोडणी चालू असते आणि गल्ल्यांमधून गावातल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. मात्र त्रामोंतान नावाचा कोरडा, जोरकस वारा तिथे कोणत्याही महिन्यात सुटू शकतो. तो सुटला की वरचे उबदार पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते, खालचे थंड पाणी वर येते आणि काल सुखाने पोहलेल्या खाडीत आज पाय बुडवताना अंगावर काटा येतो. म्हणून बेतात एक-दोन दिवस पोहण्यावाचून काढायची तयारी ठेवावी.

असे दिवस मुळीच वाया जात नाहीत. खाडीच्या मधोमध उभा असलेला राजवाडा हे मायोर्काच्या राजांचे तेराव्या-चौदाव्या शतकांतले उन्हाळी निवासस्थान होते. १६५९च्या पिरेनीजच्या तहाने हा सारा कातालान भाषिक मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडे आला आणि पुढे व्होबाँ या लष्करी अभियंत्याने इथली तटबंदी बळकट केली. पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे दिसणारे चर्च त्यानंतर, सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले. त्याचा गोल मनोरा मात्र त्याहून जुना असून एके काळी बंदराचा दीपस्तंभ होता. १९०५च्या उन्हाळ्यात मातिस आणि देराँ हे दोन चित्रकार इथे येऊन राहिले. त्यांनी रंगवलेली चित्रे त्याच वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात लागली, तेव्हा त्यांतले भडक, बेबंद रंग पाहून एका समीक्षकाने या मंडळींना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी जनावरे, म्हटले आणि तेच नाव त्या शैलीला चिकटले. आज गावात जिथून जे चित्र काढले गेले तिथे त्याची प्रतिकृती लावलेली आहे. सकाळी एकदा आणि सूर्य कलल्यावर पुन्हा एकदा त्याच जागी उभे राहिले की त्या रंगांचे कारण उमगते. पाऊण तासात ते उमगणे शक्य नाही.

जुन्या दफनभूमीत आन्तोनियो माचादो या थोर स्पॅनिश कवीची कबर आहे. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाचा पराभव होत असताना तो वृद्ध आईसह सीमा ओलांडून इथे आला आणि २२ फेब्रुवारी १९३९ रोजी इथल्या एका छोट्या हॉटेलात वारला. तीन दिवसांनी आईही गेली. कबरीजवळ टपालपेटी आहे आणि लोक अजूनही त्याला पत्रे लिहून तिच्यात टाकतात. त्याच महिन्यांत स्पेनमधून आलेल्या हजारो निर्वासितांना आर्जेलेसच्या उघड्या वाळूवर काटेरी तारांच्या आत ठेवले होते. मुलांना त्या किनाऱ्यावर खेळायला नेताना हेही सांगावे, असे मला वाटते.

आता मासळीविषयी, कारण गाव तिच्यावरच उभे राहिले. रात्री होडीवर दिवे लावून, उजेडाकडे आलेल्या अँचोवी आणि सार्डिन जाळ्यात धरण्याची पद्धत इथे होती, आणि त्रिकोणी शिडाच्या रंगीत कातालान होड्या त्या कामाच्या होत्या. बंदरात आज दिसतात त्या प्रामुख्याने जतन केलेल्या होड्या आहेत. मासेमारीचे खरे बंदर आता शेजारचे पोर-व्हांद्र आहे. अँचोवी खारवण्याचे काम मात्र कोल्यूरमध्ये दोन घराण्यांनी टिकवून धरले आहे. डोके आणि आतडे हाताने काढून मासे मिठाच्या थरांत रचतात, वर वजन ठेवतात, काही महिने मुरू देतात आणि मग बायका एकेक मासा हाताने सोलून त्याच्या फाकी वेगळ्या करतात. २००४पासून या मालाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. हे काम पाहण्यासाठी अर्धी सकाळ राखून ठेवावी, कारण त्या बायकांच्या बोटांचा वेग पाहिल्यावर बरणीची किंमत जास्त वाटत नाही. शाकाहारी मंडळींनी भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची एस्कालिव्हादा मागवावी, पण वर अँचोवी घालू नका, असे आवर्जून सांगावे.

प्रवास अवघड नाही. पॅरिसहून पर्पिन्याँ या जवळच्या शहरापर्यंत वेगवान गाडीने सुमारे पाच तास लागतात, बार्सिलोनाहून साधारण सव्वा तास, आणि पर्पिन्याँहून लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत कोल्यूरला पोहोचवते. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कोल्यूरहून त्याच लोकल गाडीने पुढे बान्यूल्सला जावे. तिथून सेर्बेरपर्यंतचा समुद्र १९७४पासून राखीव आहे, आणि मुखवटा लावून पाण्यावर नुसते तरंगत राहिले तरी मासे दिसतात. एक विनंती अशी की, या जिल्ह्याने अलीकडे सलग काही वर्षे तीव्र दुष्काळ सोसला आहे, तेव्हा पाहुण्यांनी पाणी जपून वापरावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत आता घरोघरी आखले जाऊ लागतील. त्याआधी निदान किनाऱ्याविषयीची दुरुस्ती आपण पुरवणीत छापावी. वाळूत किल्ले करण्याच्या आशेने निघालेल्या मुलांची गोट्यांवर फजिती होऊ नये.

कळावे,
आपली एक नियमित वाचक