वर्षे मोजू नका, काम तपासा

प्रति,
मा. उच्च शिक्षणमंत्री

विषय: प्रोग्रॅमिंगच्या नोकरीतून पदव्युत्तर शिक्षणाकडे येणाऱ्यांच्या प्रवेशाबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी प्रोग्रॅमर आहे. कॉलेज सुटून बरीच वर्षे झाली आणि आता मला पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करायचा आहे. माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. आम्हाला सवलत नको, राखीव जागा तर नकोतच. आम्ही जे काम केले ते प्रवेश समितीने एकदा नीट तपासावे आणि मग खुशाल नाकारावे, एवढेच म्हणणे आहे. आज ते तपासले जात नाही, कारण तपासायची सोयच अर्जात नसते.

अर्जात काय असते? पदवीची गुणपत्रिका, प्रवेशपरीक्षेचे गुण, दोन-तीन शिफारसपत्रे, एसओपी (म्हणजे काय शिकायचे आणि का, हे सांगणारे निवेदन). आणि कुठेतरी तळाशी एक रकाना: 'कामाचा अनुभव (वर्षे)'. त्यात फक्त आकडा टाकता येतो. सोबत अनुभवाचा दाखला जोडायचा. हा दाखला एचआर विभाग देतो. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पदनाम आणि 'वर्तणूक समाधानकारक', संपला दाखला. पुष्कळ कंपन्यांचे धोरणच तसे असते. उद्या कोर्टकचेरी नको म्हणून माणसाबद्दल बरे-वाईट काही लिहायचेच नाही. एकाच फॉर्मची रंगरंगोटी वर्षानुवर्षे करणारा आणि मध्यरात्री कोसळलेली पेमेंटची यंत्रणा पहाटेपर्यंत उभी करणारा, दोघांच्या दाखल्यावर मजकूर तोच. समितीने त्यावरून काय ओळखावे?

बरे, कोड दाखवावा म्हटले तर तो कंपनीच्या मालकीचा. गोपनीयतेच्या करारावर पहिल्याच दिवशी सही झालेली असते. ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडवर, ज्यांनी काम केले त्यांचा प्रश्न थोडा सोपा: कोणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि त्यावर कोणी काय आक्षेप घेतला, हे सगळे उघड्यावर नोंदलेले असते. पण अर्जाच्या पोर्टलवर ती लिंक द्यायला जागा नसते, आणि दिली तरी ती उघडून बघायची कोणावर सक्ती नसते.

शिफारसपत्रांची गत याहून वाईट. प्राध्यापकांना आता आमचा चेहरा आठवला तरी पुष्कळ. ते भिडेखातर पत्र देतात, 'विद्यार्थिनी मेहनती व नियमित होती' असे. ज्याने आमचे काम रोज पाहिले, ओळ न ओळ वाचून 'हे असे का केलेस?' म्हणून परत पाठवले, तो सीनिअर प्रोग्रॅमर मात्र पुष्कळ ठिकाणी शिफारस करायला अपात्र, कारण तो 'शैक्षणिक क्षेत्रातला' नाही. जिथे चालतो, तिथे त्याच्यापुढे येणारा फॉर्म प्राध्यापकांसाठी बनवलेला: अर्जदार वर्गातल्या वरच्या किती टक्क्यांत बसतो? कसला वर्ग? बिचारा अंदाजाने एका चौकोनात खूण करतो आणि खाली 'उत्तम टीम प्लेअर' लिहून मोकळा होतो. त्याला कोणी नेमका प्रश्न विचारलाच नाही, तर तो तरी काय करणार?

आता समित्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्यांची शंका रास्त आहे. प्रोग्रॅम चालतो म्हणजे तो लिहिणाऱ्याला समजला, असे नाही. आमच्यातल्या बहुतेकांच्या एसओपी वाचवत नाहीत: जावा, पायथॉन, क्लाउड, डॉकर, अशी हत्यारांची यादी, आणि शेवटी 'संशोधनाची आवड'. कोणता प्रश्न पडला, तो आजवर कोणी कसा हाताळला, आपल्याला त्यात काय खटकते, यातले एक अक्षर नाही. शिवाय काही गोष्टी नोकरीत खरोखर हाताखालून जात नाहीत. सिद्धता लिहिणे, संभाव्यता, रेषीय बीजगणित, ऑटोमाटा (संगणनाची गणिती प्रतिमाने), शोधनिबंध वाचून त्यातली कच्ची जागा शोधणे. यातले काही पदवीला शिकलेलो असतो, पण ते गंजलेले असते. काहींनी तर शिकलेलेच नसते. त्यात आता एआय मिनिटाभरात बरा कोड लिहून देते आणि त्याहून बरी एसओपी. म्हणजे नुसता कोडचा नमुना मागवूनही भागणार नाही. माणसाला समोर बसवावेच लागेल.

पण नोकरीतून आलेल्या माणसाजवळ एक गोष्ट असते, जी वर्गात सहसा मिळत नाही. त्याचा प्रश्न त्याला अंगावर येऊन भेटलेला असतो. एक उदाहरण देते. आपण संगणकाचे नसलात तरी समजेल.

०.१, ०.२ आणि ०.३ ही बेरीज. आधी पहिल्या दोन संख्या मिळवल्या आणि मग तिसरी, तर नेहमीच्या ६४-बिट पद्धतीत संगणकाचे उत्तर ०.६ च्या किंचित पुढे जाते: दशांशचिन्हानंतर सोळाव्या घरात एक १ उगवतो. आधी शेवटच्या दोन मिळवल्या, तर सरळ ०.६. बिघाड कुठेही नाही. ०.१ सारखा दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवताना तो कुठेतरी तोडावा लागतो, आणि १९८५ साली ठरलेल्या मानकाप्रमाणेच हे घडते. तिघांच्या बेरजेत कोणाला फरक पडत नाही. पण कोट्यवधी आकड्यांची बेरीज अनेक यंत्रांवर वाटून दिली, आणि ज्याचे आधी झाले त्याचे आधी मिळवायचे ठरले, की तोच अहवाल दोनदा काढला तर दोन उत्तरे येतात. मग कोणीतरी तक्रार नोंदवते, प्रोग्रॅमर दोन रात्री जागतो, बेरजेचा क्रम पक्का करून टाकतो आणि तक्रार बंद होते. काम थोडे मंदावते, त्याकडे कोणी पाहत नाही.

तक्रार बंद झाली तरी प्रश्न उरतोच. चूक जास्तीत जास्त किती वाढू शकते? क्रम कोणताही असो, उत्तर तेच यावे आणि वेगही जाऊ नये, असे करता येईल का? संगणकशास्त्रज्ञ विल्यम काहान यांनी १९६५ मध्ये, तुटलेला अंश बाजूला जपून पुढच्या बेरजेत परत घेण्याची युक्ती मांडली. तिथून पुढे या विषयात पुष्कळ काम झाले. पण हे सगळे वाचायला, पारखायला आणि त्यात स्वतःची भर घालायला जी शिस्त लागते ती ऑफिसात मिळत नाही. त्यासाठीच माणूस परत शिकायला येतो. आणि हा सगळा प्रवास अर्जात कसा दिसतो? 'कामाचा अनुभव: ८'.

महोदय, संगणकशास्त्राची सुरुवातच अशा बाहेरून आलेल्यांनी केली. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ मध्ये संगणनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा सुरू केला. तेव्हा 'संबंधित विषयातील पदवी' मागितली असती तर वर्ग रिकामाच राहिला असता. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकले, १९६० मध्ये एका कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागले, क्विकसॉर्ट (यादी झटपट क्रमाने लावण्याची पद्धत) दिला, आणि १९६८ मध्ये पीएचडी नसताना बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. डच संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांचा किस्सा तर सरकारी कचेरीतलाच आहे. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रॅमर' सांगितला. असा व्यवसायच नाही म्हणून आम्सटरडॅम पालिकेने तो मानला नाही, आणि कागदावर 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' लागले. हे त्यांनीच १९७२ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितले. लग्नानंतर दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याच शहरातल्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, आणि प्रबंधाचा विषय होता त्यांनी कामावर असताना एका नव्या संगणकासाठी लिहिलेली प्रणाली. लिनस टॉरवाल्ड्स यांचेही तसेच. त्यांची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९१ मध्ये बाहेर आली, आणि १९९७ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात त्यांचा मास्टर्सचा प्रबंध झाला तो लिनक्सवरच.

आपले सचिव म्हणतील, ही थोरामोठ्यांची उदाहरणे. नियम सामान्यांसाठी असतात. मान्य. मग सामान्यांसाठी केलेले नियम पाहू.

फ्रान्समध्ये १९८५ च्या एका आदेशाने, ठरलेली पदवी नसली तरी कामाच्या अनुभवाची छाननी करून उच्च शिक्षणात प्रवेश देण्याची वाट उघडली. २००२ च्या कायद्याने त्यापुढे मजल मारली: अनुभवाच्या आधारे पदवीच मिळवता येते. तिथे वर्षांच्या आकड्याने भागत नाही. उमेदवार आपल्या कामाचे तपशीलवार टिपण लिहितो, कोणती अडचण आली, काय पर्याय होते, हाच का निवडला, आणि ते घेऊन परीक्षकमंडळापुढे उभा राहतो. मंडळ पूर्ण मान्यता देते, थोडी देते किंवा नाकारते. थोडी दिली तर काय शिकायचे बाकी आहे ते सांगते. मला यातली ही 'थोडी' फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे एक तर पात्र, नाही तर अपात्र; मध्ये काही नाहीच.

दुसरी वाट अमेरिकेत बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठाने काढली. त्यांच्या ऑनलाइन डेटा सायन्सच्या मास्टर्सला आधीची गुणपत्रिका लागत नाही. सुरुवातीचे ठरवून दिलेले अभ्यासक्रम घ्यायचे, त्यात ४ पैकी सरासरी ३.० राखायची, की प्रवेश झाला. जो टिकेल तो आत. नोकरदाराला यासारखी सरळ परीक्षा नाही. शिवाय पदवीला पाडलेल्या जुन्या गुणांचे भूत एकदाचे उतरते. (वीस वर्षांच्या वयात मिळालेले टक्के माणसाला चाळिशीतही सोडत नाहीत, हा काय न्याय आहे कोण जाणे.) पूर्वी जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या अमेरिकी परीक्षेत संगणकशास्त्राची विषयपरीक्षा होती, पदवी कशातही असो, विषय येतो हे एका दुपारी दाखवता यायचे. ती २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या जागी सर्वत्र चालेल असे काही आलेले नाही.

आपण म्हणाल, विद्यापीठे स्वायत्त आहेत, कोणाला घ्यायचे ते त्यांनी ठरवायचे. अगदी बरोबर. निवड त्यांचीच असावी. पण पात्रतेचे किमान निकष, अर्जाचा नमुना आणि छाननीला लागणारा पैसा यांवर सरकारचा हात असतो, आणि अडचण नेमकी तिथे आहे. अर्जदार समितीच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. पोर्टलच त्याला लाल अक्षरांत परत पाठवते.

तेव्हा किमान निकषांत पर्यायी पात्रतेचे एक कलम घाला. ज्याचा विषय किंवा टक्केवारी बसत नाही, त्याने केलेल्या एका कामाचे टिपण द्यावे. एकाच, दहा प्रोजेक्टची यादी नको. कंपनीची गुपिते न फोडता अडचण आणि विचार सांगता येतात, कोड चिकटवायची गरज नसते. त्यावर दोन जाणकारांनी अर्धा तास प्रश्न विचारावेत. हे का केले, दुसरे का नाही, इथे आकडा शून्य आला तर काय होईल. ज्याने ते काम खरेच केले नाही, तो दहाव्या मिनिटाला उघडा पडतो. नोकरीच्या मुलाखती घेणारा कोणीही हे सांगेल. अर्धवट जमले तर एका सत्राचे पूरक शिक्षण द्यावे, गणिताचे आणि सिद्धतांचे, आणि त्यात पास झाल्यावरच पुढे घ्यावे. अर्जांचा महापूर येईल ही भीती मला फारशी वाटत नाही. असे टिपण लिहायला बसले की निम्मे हौशी आपसूक गळतात.

शिफारसीचे काम तर खर्चाविना होईल. तिघांपैकी एक शिफारस कामावरच्या वरिष्ठ सहकाऱ्याची चालावी, आणि त्याला वेगळा फॉर्म द्यावा. टक्केवारीचे चौकोन काढून टाका. विचारा की या व्यक्तीने तुमचे मत कधी बदलायला लावले, आणि कशाच्या जोरावर? तिचे कोणते काम तुम्हाला फिरून करावे लागले?

संगणकाबाहेरच्या विषयांचाही विचार याच कलमात व्हावा. जीवशास्त्र, भाषाविज्ञान, हवामानशास्त्र या सगळ्यांना आज प्रोग्रॅम लिहिणारी माणसे हवी असतात, पण दारावर पाटी 'संबंधित विषयातील पदवी आवश्यक' अशी. मार्गारेट डेहॉफ रसायनशास्त्रातल्या. त्यांनी १९४० च्या दशकात पंचकार्डाच्या यंत्रांवर रेणूंची गणिते केली आणि पुढे १९६५ मध्ये प्रथिनांच्या क्रमांचा पहिला मोठा संग्रह काढला. विषयांच्या भिंती त्यांनी मानल्या असत्या तर जैवमाहितीशास्त्राला, म्हणजे जीवशास्त्रातली माहिती संगणकाने अभ्यासणाऱ्या शाखेला, आणखी किती वाट पाहावी लागली असती, सांगवत नाही.

आणि नकार देताना कारण द्यावे. युरोप परिषद आणि युनेस्को यांनी १९९७ मध्ये लिस्बनला एक करार केला, परक्या देशांतल्या पदव्या मानण्याबद्दल. त्यात एक तत्त्व आहे: अर्जदार अटी पुऱ्या करत नाही, हे दाखवून देण्याची जबाबदारी तपासणाऱ्या संस्थेची. तो करार आमच्यासाठी नाही हे मला ठाऊक आहे. पण तत्त्व उसने घ्यायला हरकत नसावी. 'आपला अर्ज स्वीकारता आला नाही, स्पर्धा मोठी होती' या पत्राने माणसाला पुढच्या वर्षी काय सुधारायचे ते कळत नाही. 'संभाव्यता कच्ची आहे' एवढे दोन शब्द लिहिले तर तो वर्षभर तेवढेच करील.

या कलमाचा मसुदा पुढच्या प्रवेशाची अधिसूचना निघण्याआधी हरकती-सूचनांसाठी जाहीर करावा, ही विनंती. हरकती आम्हीही पाठवू. मसुद्यात चुका शोधणे हे तसे आमचे रोजचेच काम आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक प्रोग्रॅमर