तुकोगंजातल्या बंगल्यांची नोंद पाडण्याआधी व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

इंदूरच्या वारशाची चर्चा राजवाडा, लालबाग, गांधी हॉल आणि होळकरांच्या छत्र्या (समाधिस्मारके) यांपाशी थांबते. फार तर माणिकबाग राजवाड्याचे नाव निघते. तुकोगंज, मनोरमागंज भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत उभे राहिलेले बंगले मात्र ‘तिथे कोण मोठे राहत होते?’ एवढ्या एका प्रश्नावर निकालात निघतात. कोणी राहिले नसेल, तर पाडायला मोकळे!

या घरांचे मोल कळायला आधी जुन्या शहरातला वाडा आठवावा. तो रस्त्याला चिकटून आणि आतल्या चौकाकडे तोंड करून उभा. प्लेगच्या साथींनी दाट वस्तीची धास्ती बसवली, आगगाडीमुळे लोखंडी गर्डर आणि मंगळुरी कौले (आपल्याकडची ‘इंग्रजी कवेलू’) दारात आली आणि संस्थानी नोकरीतला माणूस गावाबाहेर घर बांधू लागला. ते घर समोरून साहेबी: पोर्च, व्हरांडा, बाहेरच्यांना बसवायची खोली. आत माजघर, देवघर, सोवळ्याचे स्वयंपाकघर. परसात विहीर आणि तुळशीवृंदावन. सफाई कामगाराने मागच्या गल्लीतून यायचे, पुढच्या फाटकाने नाही. जातीची ती रेघही नकाशात उतरलेली असते आणि नोंद करताना ती गाळू नये.

म्हणून वारसा ठरवताना फक्त दर्शनी भिंत पाहून चालत नाही. कंपाउंडपासून जोत्यापर्यंतचे अंतर, आउटहाउस, विहीर, जुनी झाडे यांसकट अख्खा भूखंड मोजावा लागतो. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. मैला-सांडपाणी सगळे गटारात लोटण्यापेक्षा घराभोवतीच्या बागेच्या मातीला परत द्यावे, असा त्यांचा त्यात आग्रह होता. पुढे ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ याच गावात बसवली. स्वच्छतेची बक्षिसे मिरवणाऱ्या शहराला ही मोकळी आवारे निव्वळ रिकामी जागा वाटावीत, हे नवलच.

कागद सापडत नसतील तर घराचे वय घरालाच विचारता येते. हिंदुस्थानात सिमेंटचे मोठे उत्पादन १९१४च्या सुमारास सुरू झाले. विटांच्या सांध्यांतला मूळ माल आणि गिलावा चुन्याचा असेल, तर घर जुने असण्याची शक्यता वाढते; पण चुना त्यानंतरही बरीच वर्षे वापरात होता, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. गर्डरच्या पोटावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. ‘डॉरमन लाँग’ असेल तर माल विलायती. ‘टाटा’ असेल तर तो १९१२च्या आधीचा असूच शकत नाही, कारण टाटांच्या साकची (आजचे जमशेदपूर) कारखान्याचे पोलाद त्या वर्षीपासूनचे. कौल उलटून ठसा वाचावा. मंगळुरी कौले करणाऱ्या बासेल मिशनचे कारखाने पहिल्या महायुद्धानंतर कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा मिशनचा ठसा बहुधा त्याआधीचा. मात्र कौले एका घरावरून दुसऱ्या घरावर जातात. तीन-चार पुरावे जुळले तरच वर्ष लिहावे.

‘इमारत धोकादायक आहे’ हे पाडण्याचे नेहमीचे कारण. पुष्कळदा तो धोका घराच्या वयाने येत नाही, चुकीच्या दुरुस्तीने येतो. चुन्याच्या भिंतीतली ओल गिलाव्यातून बाहेर पडत असते. वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की तिची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, क्षार पृष्ठभागाखाली साचतात, भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. त्यावर पुन्हा सिमेंट थापणे म्हणजे तेच दुखणे वाढवणे. सिमेंट काढून भिंत वाळू द्यावी, मग एक भाग मुरवलेला चुना आणि अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू असा गिलावा पातळ थरांत द्यावा. तो दहा-बारा दिवस दमट ठेवावा. घाई केली तर भुकटी होते. वरून रंग चुन्याचाच.

रस्त्यांवर काँक्रीटचे थर चढत गेले आणि दोन-अडीच फुटांची जोती बुटकी झाली. पावसाचे पाणी आवारात शिरते, पायाजवळची काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. भेग बुजवण्याआधी तिच्यावर तारखेची खूण करून एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहावा. उघडझाप होत असेल तर आधी पाण्याचा बंदोबस्त करावा.

गर्डर आणि विटांच्या कमानींच्या स्लॅबवर गळती थांबवण्यासाठी सिमेंटचा नवा थर टाकतात. दोन इंची थराने दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो भार वाढतो. खाली गर्डर गंजतच राहतो, गंज फुगून कमानीच्या विटा ढकलतो. खरे काम गच्चीचे उतार आणि पन्हळी नीट करण्याचे. मग गर्डरचा खालचा भाग उघडून तारेच्या ब्रशने घासावा आणि गंजरोधक प्राइमर द्यावा. कौलारू पाख्यात दोष सहसा कौलांचा नसतो, त्यांखालच्या कुजलेल्या रिपांचा (लाकडी पट्ट्यांचा) असतो. कौलांचे सांधे सिमेंटने बुजवले की ती तडकतात.

केंद्राचा १९५८चा आणि राज्याचा १९६४चा स्मारकविषयक कायदा पुरातन ठरवायला किमान १०० वर्षे धरतो. १९२०च्या दशकातले बंगले आता शंभरी गाठत आहेत. पण शासनाने संरक्षित म्हणून घोषित केल्याशिवाय नुसत्या वयाने संरक्षण मिळत नाही, आणि प्रत्येक बंगला घोषित व्हावा असे आमचे म्हणणेही नाही. मालकावर सगळा बोजा टाकून वारसा टिकत नाही. न वापरलेले चटईक्षेत्र (भूखंडावर बांधता येईल तेवढे बांधकाम) त्याला दुसरीकडे वापरता किंवा विकता आले, तर निम्मे वाद मिटतील. पुढचे दोन खांब ठेवून मागे सात मजले चढवण्याला मात्र जतन म्हणू नये.

महापालिकेकडे मागणी छोटी आहे. १९४७ पूर्वीचे घर पाडण्याच्या अर्जासोबत १:५० प्रमाणात सर्व मजल्यांचे आणि भूखंडाचे मोजमापी नकाशे, १:१० प्रमाणात एक दार, एक खिडकी आणि छपराचा एक छेद, तसेच प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींची छायाचित्रे सक्तीची करावीत. परवानगी दिलीच, तर कौले, सागवानी वासे, बिजागऱ्या आणि फरशा सुट्या करून उतरवण्याची अट घालावी. छपरावरून कौले खाली फेकू नयेत. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे लागतात, आणि वेगळ्या साच्यातले नवे कौल जुन्याच्या खाचेत बसत नाही.

आपले,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारे काही इंदूरकर