दिवा लागतोय, पण फोटो दिसत नाहीत

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

घरातले सगळे फोटो ठेवलेला, राउटरला जोडलेला आपला बॅकअपचा डबा उघडेनासा झाला, तेव्हा परवा फोनवर बाबांनी तीनदा विचारलं, "माझ्या हातून काही दाबलं गेलं का गं?" मी घाईत होते, म्हणून "बघू या" एवढंच म्हणाले. ते "बघू या" दोन दिवस मला टोचतंय. म्हणून सगळ्यात आधी हे लिहिते. बाबा, तुमच्या हातून काहीही झालेलं नाही. बॅकअपचा डबा बंद पडतो तो बहुतेक वेळा चारांपैकी एका ठिकाणी अडतो: वीज, केबल, नेटवर्कवरचा पत्ता, नाहीतर आतली डिस्क. पहिल्या तीन ठिकाणी अडलं असेल, तर फोटोंना सहसा धक्काही लागलेला नसतो. ते आत जसेच्या तसे असतात, फक्त आपल्याला तिथवर पोचता येत नाही.

फोनवर मी "आता हे दाबा, आता ते काढा" म्हणत सुटते आणि तुमच्यापैकी एकाला फोन कानाला धरून टेबलाखाली वाकावं लागतं. ते मला नको आहे. हा कागद डब्याशेजारी ठेवा. दिवसाला एकच गोष्ट बघितलीत तरी चालेल. डबा बंद राहिल्यानं आतलं काही नासत नाही. उलट, काय बिघडलंय हे कळेपर्यंत तो बंद असलेलाच बरा.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका. कॉम्प्युटरनं "डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारलं तर नाही म्हणा, कितीही वेळा विचारलं तरी नाहीच. डब्याच्या मागे टाचणी घालून दाबायचं बारीक भोक आहे, ते रीसेटचं आहे, त्याला हात लावू नका. आणि चालू-बंद, चालू-बंद असं करत राहू नका. टीव्हीला ते चालतं. आजारी डिस्कला प्रत्येक वेळी नव्यानं फिरायला लावणं म्हणजे दुखऱ्या पायावर पुन्हा पुन्हा उभं करण्यासारखं आहे.

आता आई, पहिलं काम तुझं. शेजारच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज बदलला तरी तुला कळतं, तोच कान इथे हवाय. घरात शांतता असताना डबा एकदाच चालू करा आणि तू जवळ बसून मिनिटभर ऐक. नीट चालणारी डिस्क आधी हलकेच घरघरते, मग एका संथ सुरात फिरत राहते, मधूनमधून बारीक कुरकुर करते. ती कुरकुर चांगली, ती काम करत असल्याची खूण आहे. पण ठराविक अंतरानं टक्... टक्... टक् असा आवाज आला, किंवा काहीतरी घासल्यासारखं वाटलं, तर लगेच बटणानं बंद करा आणि प्लग काढून ठेवा. त्यानंतर या कागदावरचं पुढचं काहीही करू नका, फक्त मला फोन करा.

कारण सांगते. डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या. त्यांच्यावरून वाचणारं टोक चकतीला न टेकता, काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. आपला केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. टकटक होते म्हणजे बहुधा टोकाला आपली जागा सापडत नाहीये आणि ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय. अशा वेळी ते चकतीवर घासलं, तर तिथली नोंद कायमची जाते. म्हणूनच अशी डिस्क घरी उघडायची नसते, धुळीचा कणसुद्धा त्या फटीपेक्षा मोठा असतो. ती धूळमुक्त खोलीत डेटा काढून देणाऱ्यांकडेच द्यायची. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

काहीच आवाज आला नाही, किंवा डिस्क फिरायला लागून थांबतेय असं वाटलं, तर अॅडॉप्टरवर संशय घ्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दिवा लागतोय म्हणजे वीज व्यवस्थित मिळतेय असं आपण धरून चालतो. दिव्याला नावालाच वीज लागते. थांबलेल्या चकत्या फिरत्या करायला मात्र पहिल्या काही सेकंदांत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. अॅडॉप्टर जुना झाला की तो दिवा लावू शकतो, पण तो पहिला जोर पुरवू शकत नाही. डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते, आणि हे ऐकायला थेट बिघडलेल्या डिस्कसारखं वाटतं. बाबा, अॅडॉप्टरवरच्या बारीक अक्षरातले व्होल्ट आणि अँपिअर वहीत उतरवून घ्या, नाहीतर फोटो काढून मला पाठवा. राउटरचा अॅडॉप्टर याला बसतो म्हणून लावून बघू नका. पिन सारखी असली तरी व्होल्टेज वेगळं असू शकतं, आणि व्होल्टेज जुळलं तरी अँपिअर कमी पडू शकतात. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची अधिक-उणे बाजूही तीच. एक्स्टेंशन बोर्ड काढून डबा थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघायला मात्र हरकत नाही.

आवाज ठीक असेल तर माझा खरा संशय वेगळाच आहे. मागच्या महिन्यात तुमचा राउटर बदलला ना? तुम्ही बोलता बोलता सांगितलंत, आणि तेव्हा माझ्या डोक्यात काही आलंच नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. कॉम्प्युटरवर जे "फोटो" नावाचं चिन्ह मी करून दिलं होतं, ते डब्याच्या जुन्या पत्त्यावर जातं, समजा १९२.१६८.१.२०. नव्या राउटरनं सगळ्या पत्त्यांची मांडणीच १९२.१६८.०. अशी सुरू केली असेल, तर ते चिन्ह जिथे आता कुणी राहत नाही अशा घराचं दार वाजवत बसलंय. चिन्हावर लाल फुली दिसतेय, असं बाबा म्हणाले होते. त्यामुळे मला हेच जास्त शक्य वाटतं.

ते तपासायला डब्याच्या मागे राउटरकडून येणारी जाड केबल जिथे शिरते तिथला छोटा दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर केबल आणि राउटर दोन्ही बोलतायत. अंधार असेल तर केबल दोन्ही टोकांनी काढून टक् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा, राउटरवरचं दुसरं भोक वापरून बघा, आणि तरीही नाहीच तर दुसरी केबल लावा. केबलच्या टोकाची प्लास्टिकची जीभ तुटली की ती सैल होते आणि कुणी झाडताना धक्का लागला की निसटते. दिवा लुकलुकत असेल तर पुढचं माझ्यावर सोडा. मी व्हिडिओ कॉलवर राउटरचं पान उघडून घेईन. तिथल्या यादीत डब्याचं नाव आणि नवा पत्ता दिसेल, आणि तो पत्ता डब्याच्या नावे कायमचा राखून ठेवता येतो. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला, तर समजायचं की डब्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.

एक शक्यता अशीही आहे की पत्ता बरोबर आहे, पण कॉम्प्युटर आत जाऊ देत नाही. आपला डबा २०१४ चा आहे. त्या काळचे बरेच डबे फाइल देण्याघेण्यासाठी एसएमबी १ नावाची जुनी पद्धत वापरत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं त्याच पद्धतीच्या विंडोजमधल्या त्रुटीतून जगभरातले कॉम्प्युटर बंद पाडले होते, आणि त्याच वर्षाअखेरीपासून नवं विंडोज टाकताना ती पद्धत आपोआप येईनाशी झाली. कुणी "मी चालू करून देतो" म्हणालं तर करू देऊ नका. आपण आतलं सगळं बाहेर काढू आणि डब्याला निवृत्त करू.

आत शिरता आलं की मी सर्वांत आधी डिस्कची तब्येत बघणार आहे. डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद स्वतः ठेवत असते. किती जागा खराब झाल्या म्हणून बदलून घेतल्या, किती जागा वाचताना अडखळतायत, असे आकडे त्यात असतात. अडखळणाऱ्या जागांचा आकडा वाढता दिसला, तर दुरुस्तीच्या नादी न लागता आधी नक्कल करून घ्यायची. आधी काय उतरवायचं तेही ठरवलंय: आजीचं रेकॉर्डिंग, मग बाबांच्या स्कॅन केलेल्या वह्या, मग आईचं गाणं, मग बाकीचे फोटो.

आता जे फोनवर मला बोलता आलं नाही ते. डबा आणला तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, "आत दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी आहे, आता काळजी सोडा." ते चुकीचं होतं. त्या दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या आहेत. एक डिस्क मेली तर दुसरी तारून नेते, हे खरं. पण चुकून एखादं फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जातं. डबा जळला, चोरीला गेला, तर दोन्ही सोबतच जातात. त्यावर आणखी भर म्हणजे जागा मोकळी करायला मी तुमच्या फोनमधले आणि कॉम्प्युटरवरचे मूळ फोटो पुसले. त्या दिवसापासून डब्यात होता तो बॅकअप राहिलाच नाही. ती एकुलती एक प्रत होती. तुम्ही माझ्या शब्दावर निर्धास्त राहिलात, आणि शब्द देण्याआधी मी पुरेसा विचार केला नव्हता. मला माफ करा.

एक गोष्ट दिलासा देणारी आहे. डब्याचं इलेक्ट्रॉनिक्स गेलं तरी आरशातली एक डिस्क बाहेर काढून लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली) चालवणाऱ्या कॉम्प्युटरला जोडून वाचता येते, असं अनेक डब्यांच्या बाबतीत होतं. विंडोजला तिच्यावरची मांडणी कळत नाही, म्हणूनच ते फॉरमॅटचं विचारतं. म्हणजे कॉम्प्युटरला डिस्क रिकामी वाटली तरी ती रिकामी नसते. मी तिथे येईपर्यंत डिस्क काढू नका. काढायचीच वेळ आली तर आधी दोन्हींवर पेननं एक आणि दोन असं लिहा.

यापुढचं असं ठरवू. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक हिशोब आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडे एक प्रत कॉम्प्युटरवर राहील. दुसरी एका छोट्या डिस्कवर, जी बाबा रविवारी जोडतील आणि काम झालं की काढून कपाटात ठेवतील. ती काढून ठेवायचीच, कारण जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोचतो, कपाटातल्या डिस्कपर्यंत पोचत नाही. तिसरी प्रत माझ्याकडे. डबा बाहेरून इंटरनेटवरून उघडता येण्याची सोय मी बंद करणार आहे. २०२१ च्या जूनमध्ये एका मोठ्या कंपनीचे जुने डबे कुणीतरी इंटरनेटवरूनच रीसेट केले, आणि लोक सकाळी उठले तर कित्येक वर्षांचे फोटो गायब होते. शिवाय दर तीन महिन्यांनी आपण एखादा जुना फोटो बॅकअपमधून खरोखर उघडून बघू. बॅकअप झाल्याचा संदेश दिसला म्हणजे फोटो उघडतोच असं नाही.

बाबा, तारीख, दिव्याचा रंग, आईनं ऐकलेला आवाज, अॅडॉप्टरवरचे आकडे, एवढं वहीत लिहून ठेवा. शनिवारी संध्याकाळी मी फोन करते, तेव्हा ते पान समोर असू द्या.

आणि आई, आजीचं ते चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं त्या रात्री मी आत्याला पाठवलं होतं, असं मला पुसटसं आठवतंय. तिनं फोन बदललाय, पण जुना फोन टाकून दिला नसेल. तो कुणाला देऊ नकोस, त्यातलं काही पुसू नकोस, एवढं तिला आजच सांग. मीही रात्री तिला फोन करते.

तुमची
लेक