तायडीचं मेडल आणि औषधांची वही

गावभाग, सांगली
रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

तुझा फोन लागत नाही, मेसेजला कायम एकच टिक, म्हणून तुझ्या आईकडून, आपल्या काकूंकडून, पत्ता घेतला आणि बसलो लिहायला. किती वर्षांनी पेन धरलंय, अक्षराला हसू नको.

आमच्या तायडीला, माझ्या पुतणीला रे, एमेला भूगोलात सुवर्णपदक मिळालं, शिवाजी विद्यापीठात पहिली! भूगोल घेतला तेव्हा सगळे पाहुणे म्हणत होते नकाशे रंगवून पोट भरतं का, त्यात मी पण होतो, खोटं कशाला बोलू.

काल गल्लीच्या मंडळानं सत्कार ठेवला. फ्लेक्सवर तायडीचा फोटो पासपोर्टएवढा आणि बाकीच्यांचे हे एवढाले, ते तर आपल्याकडं असतंच. पाहुणे अर्धा तास स्वतःच्या कॉलेजबद्दल बोलले. मानपत्रात मार्कांवर चार ओळी आणि शेवटी 'समाजकार्यातही अग्रेसर', बास. ते वाचून मला आतून कसंतरीच झालं बघ, कारण ती वही मी बघितलीय.

2019 चा पूर तू टीव्हीवर बघितलास. कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर, आमचा तळमजला पूर्ण आत, होडीनं निघालो ते थेट विश्रामबागच्या एका शाळेत. तायडी तेव्हा बारावीत. शाळेत बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांचे ढीग ट्रकच्या ट्रक येत होते, पण म्हाताऱ्यांच्या गोळ्या घरातच बुडालेल्या, आणि नाव विचारलं तर "पांढरी बारकी गोळी, सकाळी एक". आता बीपीची का थायरॉईडची कुणाला कळणार? हिनं शंभर पानी वही घेतली, एकेकाजवळ बसून आजार काय, गोळी कधीपासून, डॉक्टर कोण सगळं लिहिलं आणि डॉक्टरांना शोधून जुळवून आणलं. एका आजोबांचं इन्सुलिन चहाच्या थर्मासात बर्फ घालून ठेवलेलं, आणि चहा मागायला येणाऱ्यावर ही खेकसायची.

2021 ला परत पाणी चढायला लागलं, 55 च्या आसपास गेलं, तेव्हा ही एस.वाय.ला. कॉलेजात एनएसएसचे, म्हणजे समाजसेवेचे, दोन वर्षांचे 240 तास भरले की सर्टिफिकेट मिळतं, पण हिच्या तासांचा हिशोब कोण ठेवणार मर्दा. यावेळी वही आधीच तयार होती. पाणी गल्लीच्या तोंडाशी यायच्या आधी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना टेम्पोत बसवत होती. तुझी आई पहिल्याच फेरीत, गळ्यात गोळ्यांची पिशवी आणि मांडीवर देव्हाऱ्यातला बाळकृष्ण! हे काकूंनी तुला सांगितलं नसणार, तू काळजी करशील म्हणून.

आणि एमेचा प्रोजेक्ट काय केला असेल? आयर्विनला किती फूट झालं की कुठल्या गल्लीत कुठल्या पायरीला पाणी लागतं, त्याचा नकाशा. नदीकाठचे सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर आधी बुडतात, ते सगळ्यांना माहितीय, पण आपल्या बोळाचं आपण अंदाजानंच सांगायचो. ही टेप घेऊन भिंतीवरच्या 2005 च्या पुराच्या खुणा मोजत फिरली. 40 फूट इशारा, 45 धोका, हे आपण लहानपणापासून ऐकतोय, त्या आकड्यांचं आपल्या उंबऱ्याशी काय नातं ते हिनं काढलं. अलमट्टी धरणामुळं पूर येतो का यावरून भांडणारे कट्ट्यावर अजून भांडतायत, ते सोड.

सत्काराला उत्तर द्यायला उठली तर म्हणते, "सगळ्यांचे आभार. ज्यांच्या गोळ्या बदलल्यात त्यांनी जाताना सांगून जा." आणि अंगावरची शाल बाजूला ठेवून खुर्ची ओढून वही उघडून बसली. म्हाताऱ्यांची ही रांग! पाहुण्यांच्या भडंगाच्या प्लेटा तशाच राहिल्या.

काकू पण रांगेत होत्या. बीपीची गोळी बदललीय त्यांची, नवीन नाव लिहून घेतलं. पण त्यांच्या नावापुढं 'मुलगा पुण्यात' आणि तुझा तोच जुना नंबर आहे, आता बंद पडलेला. तायडी म्हणाली काका, यांचा नवा नंबर आणा.

तर लेका, लगेच पाठव. जूनच्या आत.

तुझाच,
बोळातला