आकड्यासोबत वेळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोक्याला मार लागल्यावर मेंदूला इजा झाली आहे का, हे रक्त तपासून ‘९९ टक्के अचूक’ कळते, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. हा आकडा कुठला, ते पाहू. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या दोन प्रथिनांच्या ज्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली, तिच्या अभ्यासात १,९५९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सीटी स्कॅनवर इजा दिसली ती १२५ जणांत. चाचणी ६७१ जणांची निगेटिव्ह आली आणि त्यांच्यापैकी तिघांच्याच स्कॅनमध्ये काही सापडले. ९९ टक्के आले ते इथून. पण पॉझिटिव्ह आलेल्या १,२८८ जणांपैकी स्कॅनवर इजा होती फक्त १२२ जणांना, म्हणजे धड दहात एकालाही नाही. अनावश्यक स्कॅन टाळायला ही चाचणी खरोखर कामाची आहे. ‘अचूक’ म्हटले की मात्र वाचक भलतेच काही समजून बसतो.

संशोधनाच्या तक्त्यांतही आकडा असाच संदर्भावाचून उभा असतो, आणि तिथे नुकसान जास्त होते. प्रथिनाचे प्रमाण नीट टिपलेले असते. मार कधी लागला आणि रक्त कधी घेतले, हे मात्र अंदाजपंचे. यूसीएच-एल१ साधारण आठ तासांत शिखर गाठते आणि ४८ तासांत झपाट्याने उतरते. जीएफएपीचे शिखर विसाव्या तासाच्या आसपास येते आणि ते आठवडाभरही रक्तात सापडू शकते. न्यूरोफिलामेंट लाइट हे मज्जातंतूंतले प्रथिन तर दिवस-आठवडे चढतच राहते. समजा, दोन रुग्णांचे यूसीएच-एल१ प्रति मिलिलिटर ४०० पिकोग्रॅम आहे. एकाचे रक्त दुसऱ्या तासाला घेतलेले, दुसऱ्याचे चाळिसाव्या. पहिल्याचा आकडा अजून वर जायचा आहे, दुसऱ्याचा कितीतरी वरून खाली आलेला आहे. तक्त्यात दोघे शेजारी बसले की हा फरक पुसला जातो, आणि पुढे कितीही भारी सांख्यिकी लावली तरी तो परत मिळत नाही.

म्हणून वेळेसाठी एक रकाना पुरत नाही. माराची वेळ, रक्त घेतल्याची वेळ, सेंट्रिफ्यूज केल्याची (यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या केल्याची) वेळ आणि उणे ८० अंशांवर ठेवल्याची वेळ, अशा चार नोंदी हव्यात. रुग्ण बेशुद्ध सापडला तर माराची नेमकी वेळ कोणालाच ठाऊक नसते. तिथे मनाने एक वेळ घालण्यापेक्षा दोन टोके लिहावीत: शेवटचा धडधाकट कधी दिसला आणि सापडला कधी. प्रयोगशाळेत नळी पोचल्याची वेळ हीच रक्त घेतल्याची वेळ म्हणून चढवणे, ही सर्रास होणारी चूक. दुसरी मध्यरात्रीची: मार रात्री साडेअकराला, रक्त पहाटे दोनला, आणि तारीख दोन्हीकडे तीच. वजाबाकी करून उणे आलेले तास शोधले की या दुसऱ्या प्रकारच्या ओळी लगेच उघड्या पडतात. दिवस-महिन्याची अदलाबदलही पुष्कळदा त्यातच सापडते. एक्सेल तर ‘३-१२’ हा नमुना क्रमांक मुकाट्याने तारीख करून टाकते. क्रमांकाचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवावा.

दुसरे दुखणे ‘<१०’ या नोंदीचे. यंत्राला खात्रीने मोजता येईल त्याच्या खाली प्रमाण गेले की असे लिहून येते. सॉफ्टवेअरच्या लेखी तो आकडा नव्हे, मजकूर. मग तो कोरा धरला जातो. गळतात ते नेमके सौम्य इजेचे आणि तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक, आणि गटाची सरासरी आपोआप वर सरकते. शून्य घातले तर लॉगरिदम काढता येत नाही, आणि ही मापे इतकी एकीकडे झुकलेली असतात की लॉगवाचून चालत नाही. योग्य रीत अशी: मूल्याचा एक रकाना, ‘मर्यादेखाली’ अशा खुणेचा दुसरा, आणि त्या प्लेटची, म्हणजे नमुने ज्या खळग्यांच्या तबकडीत मोजतात तिची, मोजण्याची मर्यादा तिसऱ्यात. अशा नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील तर मर्यादेची निम्मी किंमत धरून निभते. पाचातली एक असेल तर निभत नाही. तिथे टोबिटसारखे, ‘इतक्याच्या खाली कुठेतरी’ ही माहिती तशीच वापरणारे प्रारूप लागते. वरच्या टोकाला, म्हणजे प्रमाण यंत्राच्या आवाक्यापलीकडे गेले तर, नमुना पातळ करून पुन्हा मोजतात. तिथे चौपट पातळ केल्याचा गुणाकार एकाने केलेला असतो आणि दुसरा तो पुन्हा करतो. लॉग आलेखावर ठरावीक अंतराने वर सरकलेला ठिपक्यांचा पट्टा दिसला, तर आधी हाच संशय घ्यावा.

प्लेटची मांडणी प्रयोगाच्या आधी ठरते, नंतर सुधारता येत नाही. ९६ खळग्यांच्या प्लेटवर आठ प्रमाणद्रावणे (प्रमाण आधीच ठाऊक असलेली द्रावणे) आणि मोजणी तपासण्याचे तीन नियंत्रण नमुने दुहेरी, म्हणजे प्रत्येकी दोन खळग्यांत, लावले की २२ खळगे जातात. उरलेल्या ७४ मध्ये ३७ नमुने दुहेरी बसतात. दर रुग्णाचे चार नमुने असतील तर नऊ रुग्ण होतात आणि एक जागा उरते. तिथे आधीच्या प्लेटवरचा एखादा नमुना, न वितळवलेल्या वेगळ्या कुपीतून, पुन्हा लावावा. दोन प्लेटींतले अंतर त्यातून समजते. एका रुग्णाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर असावेत, आणि गंभीर, सौम्य, निरोगी यांची सरमिसळ असावी. सगळे गंभीर पहिल्या प्लेटवर आणि सगळे निरोगी दुसऱ्या, असे झाले तर फरक रोगाचा की प्लेटचा, हे कोणीही सांगू शकणार नाही.

नमुन्याच्या बाकी खुणाही टिपाव्या लागतात. एनएसई आणि एस१००बी हीसुद्धा मेंदूच्या इजेसाठी मोजली जाणारी प्रथिने. तांबड्या पेशी फुटल्या की एनएसई खोटे वाढते, कारण ते त्या पेशींतही असते. एस१००बी चरबीतून आणि कूर्चेतूनही येते. हाड मोडलेले असेल तर मेंदू शाबूत असूनही ते चढते. वयानुसार न्यूरोफिलामेंट मुळातच जास्त असते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो कोरा रकाना. चौदाव्या दिवशीचे रक्त नाही, पण का नाही? गंभीर रुग्ण दगावलेला असतो, सौम्य घरी गेलेला असतो, कोणी नकार दिलेला असतो, एखादी नळी खराब झालेली असते. चौघांसाठी तक्त्यात एकच रिकामी जागा ठेवली, तर चौदाव्या दिवसाची सरासरी निघते ती फक्त मधल्या माणसांची, आणि लेखात ती सर्वांची म्हणून जाते. प्रत्येक कारणाला वेगळा संकेतांक द्यायला नोंद करणाऱ्याला काही सेकंद लागतात.

बातमी देताना आपण एवढे तरी विचारावे: रक्त माराच्या किती तासांनी घेतले, कोणत्या यंत्रावर मोजले, आणि सीमारेषा, म्हणजे ज्या आकड्यापासून चाचणी पॉझिटिव्ह धरतात तो, कोणती धरली. जीएफएपीचीच सीमारेषा २०१८ च्या चाचणीत २२ पिकोग्रॅम होती. हातात मावणाऱ्या यंत्रावर प्लाझ्मासाठी (पेशी काढून उरलेल्या रक्तद्रवासाठी) ती ३० झाली आणि २०२४ मध्ये परवानगी मिळालेल्या, थेट रक्तावर चालणाऱ्या चाचणीत ६५. यंत्राचे नाव न देता छापलेले ‘४० पिकोग्रॅम’ वाचून, ते सीमारेषेच्या वर की खाली, हे डॉक्टरलाही ठरवता येणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक