वाडा पाडायच्या आधी निदान मोजून तरी ठेवा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आपल्या सोलापुरातलं इंद्रभुवन, म्हणजे महापालिकेची जुनी इमारत, रात्री लाइटमध्ये बघितलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती इमारत, तिची डागडुजी झाली, लोक आता समोर उभे राहून सेल्फी काढतात. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घरपण महापालिकेनं स्मारक म्हणून सांभाळलंय. म्हणजे मनात आणलं तर आपल्या गावात जमतं. पण हे सगळं मोठ्या नावाच्या इमारतींचं झालं, पेठेतल्या बिननावाच्या वाड्यांचं काय, तेवढ्यासाठी हे पत्र.

आधी माझं सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्याला शहाणपण शिकवतोय. शुक्रवार पेठेत आमचा वाडा होता, चार-पाच वर्षांपूर्वी पाडला आणि पाडायच्या कागदावर सही मीच केली. दगडी भिंती, मधी चौक, वर माळवद. नवीन पोरांना माळवद माहीत नाही म्हणून सांगतो, लाकडी तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर काटक्या आणि वर हातभर पांढरी माती. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर 43-44 डिग्री असताना आम्ही सोप्यात, म्हणजे ओसरीत, पंखा न लावता दुपारी झोपायचो. फक्त दरवर्षी पावसाच्या आधी वर माती टाकून, चोपून, पाण्याला पन्हाळाकडं उतार करावा लागायचा. आजोबा होते तोवर ते झालं, मग माती टाकणारी माणसंच मिळेनात. गळायला लागलं तसं एका ठेकेदारानं सांगितलं वरून सिमेंटचा कोबा मारा, कायमचं काम होईल. मारला. कायमचंच काम झालं! कोब्याला उन्हानं बारीक भेगा पडल्या, पाणी त्यातनं आत जायचं पण वर सिमेंट असल्यामुळं ओल बाहेर निघायची नाही, ती तुळयांच्या टोकाला भिंतीत मुरत बसली आणि आठ-नऊ वर्षांत टोकं आतनं कुजली, बाहेरनं काही दिसलंच नाही. भिंतीला पण तेच, दगडांमधल्या चुन्याच्या दर्जा, म्हणजे सांधे, खरवडून सिमेंट भरलं तर ओल दगडात अडकली आणि दगडाचे पापुद्रे निघायला लागले.

आता घरमालकाला शिव्या घालणं सोपं असतंय. पण सहा भाऊबंद, कुणी पुण्यात कुणी हैदराबादला, घाणीत दळलेला जुन्या पद्धतीचा चुना मळणारा माणूस माहीत नाही, आणि बिल्डर रोज दारात. मी काय करायचं होतं? खरंच विचारतोय.

आणि हेरिटेज म्हणलं की लोक घाबरतात त्यालाही कारण आहे. भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे, त्यामुळं 2010 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर त्याच्या भोवती 100 मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच काम. किल्ल्यासाठी ते पाहिजेच, माझं म्हणणं नाही. पण तिथल्या माणसाला घराच्या दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते, मग त्याला हेरिटेज म्हणजे फक्त कटकट वाटणार ना. वाड्यांसाठी एवढं कडक नकोच. राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत हेरिटेजची सोय आहे, ग्रेड आहेत, मालकाला टीडीआर, म्हणजे जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडं वापरायची नाहीतर विकायची मुभा, देता येतो. हे मला कधी कळलं तर वाडा पाडल्यावर, तेही एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या आर्किटेक्टकडनं.

म्हणून महापालिकेला सांगणं एवढंच, की पेठांमधला जुना दगडी वाडा पाडायचा अर्ज आला की परवानगी द्यायच्या आधी एक माणूस पाठवा, वाडा मोजून घ्या, फोटो काढा, नकाशा करून ठेवा. गावात आर्किटेक्चरची पोरं आहेत, त्यांना हे काम द्या, शिकतील तरी. आणि तोच माणूस मालकाला सांगू दे की बाबा टीडीआर असा असा मिळतो, चुन्याचं काम कोण करतं, सिमेंट मारू नको. त्यानंतरही पाडायचा असंल तर पाडू दे. दहातले दोन वाचले तरी चालंल.

2023 च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा अख्खं सोलापूर मोबाईल वर करून बघत होतं. आमचा वाडा पडला तेव्हा समोरच्यांनी धूळ येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. 1877 ची जुनी मिल, म्हणजे इथली कापड गिरणी, तिचं आता रिक्षावाल्याला सांगण्यापुरतं नाव राहिलंय. पेठांचं पण तसंच व्हायला लागलंय.

परवा नातू विचारत होता आजोबा वाडा कसा होता दाखवा. घरभर शोधलं तर दोनच फोटो निघाले, दोन्ही बहिणीच्या लग्नातले, आणि दोन्हीत नुसते पाहुणे उभे आहेत, मागची भिंत दिसतच नाही.

आपला,
एक वाचक, शुक्रवार पेठ (आता जुळे सोलापूर)