स्क्रीन आधी काका-काकूंसमोर

रामबाग, इंदूर
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर बोलण्याऐवजी लिहूनच कळवतोय, कारण यातलं बरंचसं तुला नंतर पुन्हा काढून बघावं लागेल.

तुझ्या आईबाबांच्या, म्हणजे आमच्या काका-काकूंच्या, घराला कॅमेरे लावायचे आणि पुण्यात तुझ्या कॉम्प्युटरवर ते दिवसभर उघडे ठेवायचे, असा तुझा बेत. काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तुझा जीव इकडेच अडकलाय, मला कळतं. कॅमेरे लावूच. पण पहिली स्क्रीन त्यांच्या हॉलमध्ये लागली पाहिजे, तुझी त्यानंतर. दारात कोण उभं आहे हे दार उघडणाऱ्याला आधी दिसायला हवं. काकू अजूनही आधी कडी काढतात आणि मग "कोण?" म्हणून विचारतात. तू तिकडून बघून फोन लावेपर्यंत माणूस घरात आलेला असेल.

आमच्याकडे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा, माळ्यावर आहे आणि त्याची एचडीएमआय केबल थेट हॉलमधल्या जुन्या मॉनिटरला लावलीय. याला इंटरनेट लागत नाही, कॉम्प्युटरही लागत नाही. चार चौकटी सदैव समोर. आई भाजी निवडताना तिथेच बसते, आणि दूधवाला फाटकाशी आला की पातेलं घेऊन उठते. काकांकडे तर दुसऱ्या खोलीत टीव्ही पडूनच आहे, तोही चालेल.

आता कॉम्प्युटरचं. डीव्हीआरमधून एक लॅन केबल राउटरला गेली की घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चित्र बघता येतं. ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा पत्ता टाकायचा, १९२.१६८ ने सुरू होणारा. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा बांधून घे, नाहीतर एखाद दिवशी लाइट जाऊन आली की बदलतो आणि काका शोधत बसतात. बरेच जुने डीव्हीआर ब्राउझरमध्ये प्लगइन, म्हणजे वेगळा जोड-प्रोग्राम, मागतात आणि ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १५ जून २०२२ ला थांबवला. त्यांच्याच एज ब्राउझरमध्ये त्याचा जुना मोड चालू करता येतो, पण मी त्या वाटेला जात नाही. डीव्हीआरच्या कंपनीचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम टाकावा, नाहीतर सरळ व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा प्रोग्राम वापरावा. त्यात मीडिया मेनूत 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' आहे, तिथे डीव्हीआरचा आरटीएसपीचा, म्हणजे थेट चित्र पाठवण्याच्या पद्धतीचा, पत्ता द्यायचा. पोर्ट बहुधा ५५४ असतो, पुढचा भाग प्रत्येक कंपनीचा वेगळा, मॅन्युअलमध्ये मिळतो. व्हीएलसी मुद्दाम साधारण एक सेकंदाचं चित्र हाताशी धरून मग दाखवतो, त्यामुळे चित्र थोडं मागे असतं. घाबरू नकोस.

काकांचा कॉम्प्युटर जुना आहे, म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेव. प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन प्रवाह असतात, मेन म्हणजे पूर्ण स्पष्ट आणि सब म्हणजे हलका. चारही चौकटी एकत्र बघताना सब लाव, एकच मोठी करून बघायची तेव्हा मेन. आणि रेकॉर्डिंग एच.२६५ या चित्र दाबून साठवायच्या नव्या पद्धतीवर असेल तर जुना प्रोसेसर धापा टाकतो, चित्र अडकत राहतं. तसं झालं तर जुनी एच.२६४ करून टाक. त्याने डिस्क मात्र लवकर भरते. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाचे सुमारे २१.६ जीबी, चार कॅमेऱ्यांचे ८६ च्या आसपास. म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये अकराएक दिवसांचं मावतं, मग जुनं पुसलं जातं. काही घडलं तर क्लिप लगेच काढून ठेवायची ती यासाठी.

मोठ्या स्क्रीनचा मी इतका आग्रह का धरतोय, ते सांगतो. मागच्या थंडीत आमच्या गल्लीतून एक सायकल चोरीला गेली. समोरच्या घरातल्यांनी मोबाइलवर फुटेज बघितलं. पहाटे पाच पन्नासला फिक्या शर्टातला एक मुलगा सायकल हातात धरून चालताना दिसत होता. पेपर टाकणारा मुलगा साधारण त्याच वेळेला येतो, त्याचा शर्टही फिका. झालं, सगळे त्याच्यावर तुटून पडले. पोरगा रडकुंडीला आला होता. मी ती क्लिप पेनड्राइव्हवर मागून घेतली आणि आमच्या कॉम्प्युटरवर लावली. व्हीएलसीमध्ये 'ई'चं बटण दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. तसं सरकवत नेलं तेव्हा सायकलच्या मागे लहान मुलाची सीट स्पष्ट दिसली, आणि चालणाऱ्याच्या हातात पेपरचा गठ्ठा नव्हता. त्याच्या मागाहून काही वेळाने पेपरवाला मुलगा वेगळा येताना दिसतो, स्वतःच्या सायकलवर, पुढे गठ्ठा बांधलेला. शिवाय त्यांच्या डीव्हीआरचं घड्याळ वीसेक मिनिटं पुढे होतं. ते त्या वेळी कोणी मोबाइलशी ताडूनच बघितलं नव्हतं. आणि शर्टाचा रंग तर रात्री धरायचाच नाही. इन्फ्रारेडच्या उजेडात कॅमेरा कृष्णधवल होतो आणि कित्येक काळे कपडे त्यात पांढुरके दिसतात. सायकल कोणी नेली हे अजून कळलेलं नाही, पण त्या मुलाचं काम वाचलं. मला याचं फार समाधान आहे, सुधीर.

म्हणून काकांच्या डीव्हीआरमध्ये एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणं, चालू करून वेळेचा पट्टा +५:३० लावायचा. आणि कधी पोलिसांत जायची वेळ आली तर स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पुरत नाही. डीव्हीआरमधून मूळ फाइल काढायची आणि डीव्हीआरला हात लावू द्यायचा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. पूर्वी हेच जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब मध्ये होतं.

महिन्यातून एकदा कॅमेऱ्यांच्या काचेवरून मऊ फडकं फिरवायला कुणाला तरी सांग. रात्री त्या इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात, मागोमाग कोळी येतो, आणि त्याचा एक धागा पूर्ण स्क्रीनवर पांढऱ्या दोरखंडासारखा हलत राहतो. हालचाल दिसली की रेकॉर्डिंग सुरू होईल असं ठेवलं असेल तर रात्रभर फक्त तो धागाच रेकॉर्ड होतो.

आता पुण्याहून बघण्याचं. तुमच्याकडचा कोणी टेक्निशियन राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, उघडून देतो म्हणाला तर नको म्हण. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने असेच इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातल्या पासवर्डने ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट्स काही तास बंद पाडल्या. तुझ्या आईवडिलांच्या फाटकाचं चित्र असं चव्हाट्यावर ठेवायचं नाही. घरात एक छोटा कॉम्प्युटर चालू ठेवून व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेने, आत ये, ते मी लावून देईन. ते जमेपर्यंत कंपनीचं ॲप वापर, पण पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल आणि ओटीपी चालू ठेव.

एक शेवटचं, आणि तुला हे आवडणार नाही. हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात कॅमेरा लावायचं तू लिहिलंयस. मी तो लावणार नाही. काकू दुपारी पदर सोडून पंख्याखाली पडतात, काका लुंगीवर वावरतात. आयुष्यभर त्या घरात मोकळेपणाने राहिलेली माणसं आहेत ती. फाटक, जिना, मागचं अंगण आणि पार्किंग, एवढे चार पुरेत, आणि फाटकाचा कॅमेरा शेजारच्यांच्या दारावर पडणार नाही असा वळवू. काका पडले तर काय, ही तुझी खरी भीती आहे. त्यासाठी गळ्यात घालायचं बटण मिळतं, आणि सकाळ-संध्याकाळ मी चक्कर मारतोच. जिना एकच आहे, मला काही त्रास नाही.

तू आज रात्री काकांना फोन कर आणि आधी त्यांना विचार. सांगू नकोस, विचार. ते हो म्हणाले की शनिवारी मी शिडी आणि केबल घेऊन जातो. जिन्याखालच्या प्लगची जागा मात्र त्यांनाच ठरवू दे, तिथे त्यांच्या स्कूटरचं सामान असतं.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझा,
श्रीकांत